विद्युत अभियंत्यांचा अर्ज : कुठे, यापेक्षा कशासाठी?

विशेष प्रतिनिधी

अभियांत्रिकीचे सातवे सत्र सुरू झाले, की पुण्या-मुंबईतील आणि आता नाशिक, नागपूर, कोल्हापुरातीलही अनेक मध्यमवर्गीय घरांत एकच विषय रंगू लागतो : पुढे काय? मुलगा किंवा मुलगी विद्युत अथवा इलेक्ट्रॉनिक्स शाखेची असेल, तर या प्रश्नाचे उत्तर गेली काही दशके जवळजवळ ठरून गेले होते. जीआरई द्यायची, आठ-दहा अमेरिकी विद्यापीठांकडे अर्ज धाडायचे, बँकेचे कर्ज काढायचे, दोन वर्षांत 'एमएस' पदरात पाडून घ्यायची आणि तिथल्याच एखाद्या कंपनीत रुजू व्हायचे. या साखळीतील प्रत्येक कडी पुढच्या कडीच्या भरवशावर उभी होती. २०२५ या वर्षाने त्यातल्या एकाहून अधिक कड्या एकाच वेळी सैल केल्या आणि त्यामुळे आजवर फारसा न विचारलेला प्रश्न ऐरणीवर आला. हा अर्ज नेमका कशासाठी केला जातो?

प्रश्नाची निकड आकड्यांतूनही दिसते. अमेरिकेतील परदेशी विद्यार्थ्यांची मोजदाद करणारा 'ओपन डोअर्स' अहवाल दरवर्षी नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध होतो. २०२३-२४ मध्ये ३ लाख ३१ हजार ६०२ विद्यार्थ्यांसह भारताने चीनला मागे टाकले, तेव्हा त्याचा बराच गाजावाजा झाला. २०२४-२५ मध्ये ही संख्या ३ लाख ६३ हजार १९ वर गेली. वरवर पाहता ही वाढच. परंतु त्याच अहवालात पदव्युत्तर अभ्यासक्रमांतील भारतीयांची संख्या १ लाख ९६ हजार ५६७ वरून १ लाख ७७ हजार ८९२ पर्यंत खाली आल्याचेही नमूद आहे. म्हणजे जवळपास साडेनऊ टक्क्यांची घट. एकूण आकडा फुगला तो मुख्यतः पदवी घेऊन तात्पुरत्या परवान्यावर नोकरी करणाऱ्यांमुळे. हे शैक्षणिक वर्ष २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू झाले होते, हे विशेष लक्षात घ्यायला हवे. व्हिसाविषयीचे नवे निर्बंध येण्यापूर्वीच ओहोटी लागली होती, असा याचा अर्थ. साहजिकच या घसरणीचे सगळे खापर वॉशिंग्टनमधील सत्तांतरावर फोडता येणार नाही. हिशेब आधीच बिघडू लागला होता.

एका नावाखाली दोन अर्ज

आपल्याकडे 'अमेरिकेत अ‍ॅप्लाय करणे' हा एकच व्यवहार समजला जातो. प्रत्यक्षात विद्युत अभियांत्रिकीच्या बाबतीत ते दोन वेगळे व्यवहार आहेत. मास्टर्सचा अर्ज हा बहुतांशी स्वतःच्या खर्चाने पदवी घेण्याचा प्रस्ताव असतो. शिक्षणशुल्क विद्यार्थी भरतो आणि विद्यापीठ त्याला अभ्यासक्रम, प्रयोगशाळा व पदवी देते. पीएच.डी.चा अर्ज मात्र एखाद्या नोकरीच्या अर्जाच्या अधिक जवळचा असतो. निवड झालेल्या उमेदवाराला अध्यापन साहाय्यक किंवा संशोधन साहाय्यक म्हणून नेमले जाते, शुल्क सामान्यतः माफ होते आणि महिन्याकाठी विद्यावेतन मिळते. त्याचा खर्च बहुधा एखाद्या प्राध्यापकाच्या संशोधन अनुदानातून किंवा विभागाच्या निधीतून केला जातो.

हा फरक ध्यानात घेतला, की निवडीचे निकषही स्पष्ट होतात. मास्टर्ससाठी विभाग प्रामुख्याने एकच पाहतो. हा विद्यार्थी अभ्यासक्रम पेलू शकेल काय? पीएच.डी.साठी प्राध्यापक पाहतो ते निराळे. पुढची पाच वर्षे माझ्या प्रयोगशाळेत याच्यावर पैसा खर्च करावा असे याने काय करून दाखवले आहे? पहिल्या प्रश्नाला गुणपत्रिका बऱ्याच अंशी उत्तर देऊ शकते, दुसऱ्याला देऊ शकत नाही. तेथे अंतिम वर्षाचा प्रकल्प, त्यात अडलेल्या ठिकाणी उमेदवाराने काढलेला मार्ग, एखादा शोधनिबंध, आणि तो प्रकल्प जवळून पाहिलेल्या शिक्षकाचे मत या गोष्टी बोलतात. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील विद्युत अभियांत्रिकी व संगणकशास्त्र विभागात बाहेरच्या विद्यार्थ्याला केवळ मास्टर्ससाठी अर्जच करता येत नाही. अर्ज पीएच.डी.साठी करावा लागतो आणि मास्टर्स हा त्या वाटेवरचा टप्पा असतो. जीआरईच्या गुणांनाही तेथे स्थान नाही. तरीही 'एमआयटीसाठी जीआरईला किती हवेत?' असे विचारणारे पालक शिकवणी वर्गांत आजही भेटतात.

हा गैरसमज महागात पडतो. संशोधनात खरोखर रस असलेला विद्यार्थी 'आधी एमएस, मग बघू' म्हणून ४०-५० लाखांच्या खर्चाचा मार्ग धरतो. पदवीनंतर थेट पीएच.डी.साठी अर्ज करता येतो, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. याउलट नोकरी हेच ध्येय असलेला विद्यार्थी उद्देशपत्रात संशोधनाची भाषा उसनी आणतो आणि वाचणाऱ्याला ती उसनी असल्याचे दुसऱ्याच परिच्छेदात कळते.

विद्युत अभियांत्रिकी ही शाखा मुळात एकसंध नाही, ही त्यातली आणखी एक गुंतागुंत. वीज वहन व वितरण, पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, नियंत्रणप्रणाली, संदेशवहन व सिग्नल प्रोसेसिंग, चिप आरेखन, अर्धवाहक उपकरणे, प्रकाशविज्ञान ही जवळजवळ स्वतंत्र क्षेत्रे आहेत. एखादे विद्यापीठ चिप आरेखनात अग्रगण्य असेल आणि वीजप्रणालीत त्याचे दोनच प्राध्यापक असतील, असे सहज घडते. जागतिक क्रमवारीचा आकडा हे सांगत नाही. तरीही अर्जांच्या याद्या क्रमवारी पाहूनच तयार होतात.

आकडा आणि फाइल

भारतातील वाट याच्या अगदी उलट टोकाला आहे. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि सात आयआयटी मिळून घेत असलेली गेट ही परीक्षा तीन तासांची, ६५ प्रश्नांची आणि १०० गुणांची असते. त्यांपैकी १५ गुण सामान्य कलचाचणीचे. विद्युत अभियांत्रिकी आणि इलेक्ट्रॉनिक्स व संदेशवहन या विषयांसाठी स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात. नोंदणी साधारणतः ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, परीक्षा फेब्रुवारीत, निकाल मार्चमध्ये आणि मिळालेले गुण तीन वर्षे ग्राह्य. त्यानंतर आयआयटींच्या जागांचे प्रस्ताव सामायिक पोर्टलवरून, तर एनआयटींचे प्रवेश केंद्रीय समुपदेशन फेऱ्यांतून दिले जातात. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतील जागाही याच मार्गाने भरल्या जातात.

गेटचा मोठा गुण म्हणजे तिची निःस्पृहता. लोणेऱ्याच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातला विद्यार्थी आणि मुंबईच्या नामांकित संस्थेतला विद्यार्थी तिच्यासमोर समान पातळीवर उभे राहतात. शिफारसपत्र नको, उद्देशपत्र नको, इंग्रजी संभाषणातली सफाई नको. अर्जशुल्कही अमेरिकेच्या तुलनेत किरकोळ. तेथे एका विद्यापीठाचे शुल्क सहज ७५ ते १०० डॉलरच्या घरात जाते आणि दहा अर्जांचा खर्च पाऊण-एक लाखाच्या आसपास पोहोचतो.

तथापि या निःस्पृहतेची दुसरी बाजूही आहे. तीन तासांची परीक्षा प्रयोगशाळेतील चिकाटी मोजू शकत नाही. वर्षभर प्रकल्पात गढून गेलेला आणि म्हणून गेटच्या तयारीत मागे पडलेला विद्यार्थी या चाळणीतून गळतो. शिवाय हेच गुण पॉवर ग्रिडसारखे सार्वजनिक उपक्रम नोकरभरतीसाठी वापरतात. त्यामुळे एम.टेक.ची जागा घेऊन काही महिन्यांत नोकरीसाठी ती सोडणाऱ्यांची संख्या विद्युत शाखेत लक्षणीय असते. म्हणजे गेटचा अर्ज हादेखील अनेकांच्या दृष्टीने उच्चशिक्षणाचा अर्ज नसतोच. तो नोकरीचा अर्ज असतो आणि एम.टेक. ही त्यातली राखीव सोय.

या दोन टोकांच्या मधली दारेही आहेत. त्यांची माहिती मात्र फार थोड्यांना असते. आयआयटी मद्रास व दिल्ली येथे संशोधनाधिष्ठित 'एमएस' आहे, भारतीय विज्ञान संस्थेत 'एम.टेक. रिसर्च' आहे आणि आयआयटी मुंबईत संशोधन साहाय्यक म्हणून तीन वर्षांत एम.टेक. करता येते. या ठिकाणी गेटचे गुण उंबरठा ओलांडण्यापुरते. पुढे मुलाखत असते, विषयाची उलटतपासणी असते आणि प्रकल्पाविषयी बोलावे लागते. सिंगापूरच्या दोन प्रमुख विद्यापीठांतील अभियांत्रिकी शाखा भारतीय विद्यार्थ्यांकडून जीआरईऐवजी गेटचे गुण स्वीकारतात. एकाच परीक्षेवर अशी तीन-चार दारे उघडतात, हे शेवटच्या वर्षात नव्हे, दुसऱ्या वर्षात कळायला हवे.

शिफारसपत्राचे कोडे

परदेशी अर्जाच्या फाइलमधील सर्वांत वजनदार आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे शिफारसपत्र. सामान्यतः अशी तीन पत्रे मागितली जातात. शिक्षकाने ती थेट विद्यापीठाच्या संकेतस्थळावर चढवायची असतात आणि ती पाहण्याचा हक्क सोडल्याचे विद्यार्थी अर्जातच लिहून देतो. पत्र गोपनीय असले तरच ते प्रामाणिक असेल, हे त्यामागचे गृहीतक.

आपल्या संलग्न महाविद्यालयांत हे गृहीतक कोलमडते. साठ विद्यार्थ्यांच्या तुकडीला शिकवणाऱ्या, त्यातच प्रवेशाची, मूल्यांकनाची आणि मान्यतेच्या कागदपत्रांची कामे करणाऱ्या शिक्षकाला प्रत्येक विद्यार्थ्याचे वेगळेपण ठाऊक असणे अवघडच. मग 'मसुदा तूच लिहून आण, मी पाहून देतो' हा प्रघात पडतो. मसुदा विद्यार्थ्याचा, त्याची इंग्रजी सल्लागार संस्थेची आणि नाव शिक्षकाचे. अशा पत्रांत सगळेच विद्यार्थी कष्टाळू, जिज्ञासू आणि नेतृत्वगुणसंपन्न असतात. वर्षानुवर्षे हीच विशेषणे वाचणाऱ्या प्रवेश समितीला त्यातून काहीच कळत नाही. परिणामी पत्राचे वजन शून्य होते आणि ज्याला खरोखर चांगले पत्र मिळू शकले असते, असा विद्यार्थीही त्याच ढिगात जातो.

याचा फटका कुणाला बसतो? आयआयटीतील विद्यार्थ्याचा प्राध्यापक बहुधा त्या विषयात संशोधन करीत असतो. परिषदांमधून त्याचे नाव परदेशात परिचित असते आणि त्याने लिहिलेल्या चार ओळींना किंमत असते. संलग्न महाविद्यालयातील तितक्याच हुशार विद्यार्थ्याकडे असा साक्षीदार नसतो. गेटची परीक्षा ही दरी बुजवते, परदेशी अर्जाची पद्धत ती रुंदावते. फाइल पाहून निवड करणारी पद्धत अधिक मानवी आहे, असे आपण म्हणतो. पण जिच्या आजूबाजूला फाइल घडवणारे वातावरणच नाही, त्या विद्यार्थिनीला ती पद्धत अधिक कठोर वाटली तर नवल नाही.

यावर सल्लागार संस्थांकडे असलेला उपाय म्हणजे सजावट. उद्देशपत्र लिहून देण्यापासून विद्यापीठांची यादी करण्यापर्यंत सगळे काही पॅकेजमध्ये मिळते. काही संस्थांना विशिष्ट विद्यापीठांकडून प्रवेशामागे मोबदला मिळतो आणि यादीत ती विद्यापीठे वर येतात. पालकांनी हा एक प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायला हरकत नाही. आमच्याकडून शुल्क घेता, तसे विद्यापीठाकडूनही काही घेता काय?

फाइलच्या कागदी बाजूची जबाबदारी आपल्या विद्यापीठांवर येते. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने घाईने ऑनलाइन मूल्यांकन सुरू केले आणि निकाल कित्येक आठवडे रखडले. त्यात परदेशी जाऊ पाहणाऱ्यांची झालेली कोंडी विसरण्याजोगी नाही. अर्जाची मुदत साधारणतः डिसेंबरच्या मध्यावर असते. आपले निकाल, पुनर्मूल्यांकन आणि ट्रान्स्क्रिप्ट मिळण्याची प्रक्रिया त्या कालपत्रकाशी जुळवून घेतलेली नाही.

कर्ज, डॉलर आणि व्हिसा

२००८ च्या प्रारंभी डॉलर ४० रुपयांच्या आसपास होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने प्रथमच ९० रुपयांची पातळी ओलांडली. शुल्कात एका डॉलरचीही वाढ झाली नाही असे क्षणभर मानले, तरी ६० हजार डॉलरचे शिक्षण २४ लाखांवरून ५४ लाखांवर गेले. त्यातले ४० लाख ११ टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी कर्जाऊ घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ५५ हजार रुपये पडतो. अभ्यासक्रमाच्या काळात साचलेले व्याज वेगळेच. हप्ता डॉलरमधील पगारातून फेडायचा असेल तर तो जड नाही. भारतातील सुरुवातीच्या पगारातून फेडायचा झाला, तर अनेक घरांत तो आईवडिलांच्या निवृत्तिवेतनावर येतो. तारण म्हणून राहते घर दिलेले असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो. म्हणजे या कर्जाचा खरा आधार पदवी हा नसून त्यानंतर अमेरिकेत मिळणारी नोकरी हा आहे.

आणि नेमका तोच आधार आता डळमळीत झाला आहे. २७ मे २०२५ रोजी अमेरिकेने विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींचे वेळापत्रक थांबवले. जूनच्या मध्यानंतर ते पुन्हा सुरू झाले, पण समाजमाध्यमांवरील खात्यांच्या छाननीसह. ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांच्या वास्तव्याला ठरावीक मुदतीची मर्यादा घालण्याचा प्रस्ताव आला. १९ सप्टेंबरला एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लादणारी घोषणा झाली. ऑक्टोबरमधील खुलाशानुसार अमेरिकेतच शिकत असलेल्या आणि तेथूनच एच-१बी दर्जा मिळवणाऱ्या विद्यार्थ्यांना हे शुल्क लागू नाही. हा मोठाच दिलासा होता. परंतु डिसेंबरमध्ये एच-१बीच्या सोडतीत अधिक वेतनश्रेणीला अधिक संधी देणारा नियम जाहीर झाला आणि त्याचा तोटा नुकत्याच पदवी घेतलेल्या, कमी वेतनावर सुरुवात करणाऱ्यांना होणार, हे उघड आहे. वार्षिक मर्यादा तर पूर्वीचीच : ६५ हजार, आणि अमेरिकी मास्टर्स किंवा त्यावरील पदवी असलेल्यांसाठी आणखी २० हजार.

अभियांत्रिकीच्या पदवीधरांना १२ महिने आणि त्यावर २४ महिने अशी एकूण तीन वर्षे नोकरी करण्याची सवलत २०१६ पासून आहे. कर्जाची गणिते या तीन वर्षांवर बेतलेली असतात. पण ही नोकरी पदवीच्या विषयाशी थेट निगडित असावी लागते. विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन सर्वसाधारण सॉफ्टवेअरची नोकरी धरणाऱ्यांना तो संबंध कागदावर दाखवून द्यावा लागतो. जो प्रवेश घेताना विषयाकडे दुर्लक्ष करतो, त्याला या टप्प्यावर विषय आठवावा लागतो.

पीएच.डी.च्या वाटेवर कर्ज नाही, पण ती वाटही अरुंद झाली आहे. २०२५ मध्ये संघराज्य सरकारची संशोधन अनुदाने थांबवली किंवा रद्द केली गेल्यावर अनेक अमेरिकी विद्यापीठांनी पीएच.डी.चे प्रवेश आटोपते घेतले. २०२२ च्या चिप्स कायद्याने अर्धवाहक संशोधनात आणलेला उत्साह आणि ही आखडता हात यांचा मेळ अद्याप बसलेला नाही. अशा स्थितीत अर्जदाराने एक जुना नियम लक्षात ठेवणे उपयोगाचे. अमेरिकेतील बहुसंख्य विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रस्तावावर १५ एप्रिलपूर्वी निर्णय देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नसते. घाई केली जाते ती बहुधा साहाय्य नसलेल्या प्रवेशासाठी, अनामत रक्कम भरून घेण्याकरिता.

जर्मनीकडे वळताना

अमेरिकेची दारे किलकिली झाल्यावर जर्मनीचे नाव पुढे येणे क्रमप्राप्त होते. तेथील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, ही मोठी जमेची बाजू. मात्र 'जर्मनीत शिक्षण फुकट' हे विधान आता जसेच्या तसे खरे राहिलेले नाही. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लागू केले; मास्टर्ससाठी ते सत्राला साधारणतः ४ ते ६ हजार युरो आहे. व्हिसासाठी निर्वाहखर्चाची वर्षाची रक्कम गोठवलेल्या खात्यात आधीच भरावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११ हजार ९०४ युरो आहे. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे 'एपीएस' प्रमाणपत्र बंधनकारक झाले आहे.

जर्मन पद्धतीचा निवडीचा निकष आणखी वेगळा आहे. तेथे तुमच्या पदवीतील विषय त्यांच्या पदवीतील विषयांशी ताडून पाहिले जातात. गणिताचे किती श्रेयांक, विद्युत्चुंबकीय सिद्धांताचे किती, नियंत्रणप्रणालीचे किती, याची मोजणी होते. भारतीय गुणांचे रूपांतर करण्यासाठी एक ठरावीक सूत्र वापरले जाते. कमाल आणि किमान उत्तीर्ण गुण यांच्यामध्ये तुम्ही कुठे आहात, यावरून १ ते ४ या मापावर तुमचा आकडा ठरतो, १ सर्वोत्तम. येथे उद्देशपत्रातील भाषेपेक्षा अभ्यासक्रमाची अधिकृत तपशीलवार प्रत महत्त्वाची ठरते. ती प्रत वेळेवर देणे हे पुन्हा आपल्या महाविद्यालयांच्याच हाती. आणि इंग्रजी अभ्यासक्रमात प्रवेश मिळाला तरी नोकरीच्या वेळी जर्मन भाषेवाचून अडते, हे तेथे गेलेल्या बहुतेकांचे सांगणे असते. म्हणजे शुल्काच्या रूपाने वाचलेला पैसा काही अंशी भाषेसाठी दिलेल्या वेळाच्या रूपाने चुकवावा लागतो.

घरची वाट

मग देशातच राहावे काय? डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने अर्धवाहक उद्योगासाठी ७६ हजार कोटींची योजना मंजूर केली. जून २०२३ मध्ये साणंदच्या मायक्रॉन प्रकल्पाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये धोलेरा येथील टाटा समूहाच्या ९१ हजार कोटींच्या चिपनिर्मिती प्रकल्पाला मान्यता मिळाली. सौर व पवनऊर्जेचे प्रमाण वाढत असल्याने वीजजाळ्याच्या स्थैर्याचे प्रश्न बिकट होत आहेत आणि विजेवरील वाहनांना पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते हवे आहेत. चाकण-पिंपरीच्या पट्ट्यात ही गरज प्रत्यक्ष दिसते. विद्युत अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणाला देशात इतके अनुकूल वातावरण क्वचितच होते.

परंतु ज्या विद्यार्थ्याने हे शिक्षण घ्यावे असे आपण म्हणतो, त्याला आपण काय देतो? गेट उत्तीर्ण होऊन पूर्णवेळ एम.टेक. करणाऱ्याला महिन्याला १२ हजार ४०० रुपये. सुमारे दशकभरापूर्वी हा आकडा ठरला आणि तेथेच थांबला. पीएच.डी.ची कनिष्ठ पाठ्यवृत्ती जानेवारी २०२३ पासून ३१ हजारांवरून ३७ हजार झाली. पंतप्रधान संशोधन पाठ्यवृत्तीत ती ७० हजारांपासून सुरू होते, पण ती मोजक्यांनाच मिळते. चिपनिर्मितीवर हजारो कोटी खर्च करणाऱ्या देशाने त्या चिपचे आरेखन शिकणाऱ्याला महिन्याला साडेबारा हजारांहून कमी द्यावेत, ही विसंगती डोळ्यांत भरते. पदवीनंतर लगेच नोकरी करून घरखर्चाला हातभार लावणे ज्यांना भाग आहे, अशा विद्यार्थ्यांना हा आकडाच बाहेर ठेवतो.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या मागास घटकांतील विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे आणि तिच्यामुळे अनेकांना कर्जाविना शिकता आले, हे मान्य करायला हवे. मात्र तिची पात्रता विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीतील स्थानाशी जोडलेली आहे. वीजप्रणालीत भरीव काम करणारे विद्यापीठ एकूण क्रमवारीत मागे असेल, तर या शिष्यवृत्तीवर तेथे जाता येत नाही. कुटुंबे करतात तीच चूक येथे सरकारी निकषात पक्की झाली आहे.

निर्णयापूर्वी

या सगळ्याचा अर्थ परदेशी जाऊ नये असा मुळीच नाही. ज्याला चिप आरेखनात वा प्रकाशविज्ञानात मूलभूत काम करायचे आहे, त्याच्यासाठी तेथील प्रयोगशाळांना आजही मोठे मोल आहे. ज्याला चांगली नोकरी हवी आहे त्याने तसे म्हणण्यातही काही गैर नाही. मात्र दोघांनी एकच फॉर्म, एकच यादी आणि एकाच रकमेचे कर्ज वापरणे यात गफलत आहे.

संशोधनाची ओढ असेल तर तिसऱ्या वर्षापासून एका शिक्षकाच्या हाताखाली एकच प्रश्न धरून काम करणे, थेट पीएच.डी. आणि देशातील संशोधनाधिष्ठित अभ्यासक्रम या दोन्हींसाठी अर्ज करणे आणि साहाय्याविना आलेला प्रवेश नाकारण्याची तयारी ठेवणे, हा मार्ग आहे. नोकरी हे ध्येय असेल तर हिशेब उलटा मांडायला हवा. पदवीनंतर भारतात परतावे लागले, तर येथील पगारातून हप्ता निघेल काय? याचे उत्तर 'नाही' असेल, तर कर्जाची रक्कम कमी होईपर्यंत, म्हणजे स्वस्त देश, शिष्यवृत्ती किंवा दोन वर्षांची नोकरी यांपैकी काही हाती येईपर्यंत थांबणे शहाणपणाचे. दोन वर्षे उद्योगात काम केलेल्या अभियंत्याचा अर्ज ताज्या पदवीधराच्या अर्जापेक्षा कमकुवत ठरतो, ही भीती निराधार आहे. आपल्याला काय शिकायचे आहे, हे तो अधिक नेमके सांगू शकतो.

महाविद्यालयांची जबाबदारी याहून सोपी आणि तरीही दुर्लक्षित आहे. अभ्यासक्रमाची अधिकृत प्रत आणि ट्रान्स्क्रिप्ट पंधरा दिवसांत मिळावे, अंतिम वर्षाचा प्रकल्प विकत आणलेला नसावा आणि तो पाहणाऱ्या शिक्षकाला विद्यार्थ्याविषयी स्वतःच्या शब्दांत एक पान लिहिण्याइतका वेळ मिळावा. यासाठी नवा निधी लागत नाही. नव्या हंगामाची गेट नोंदणी आणि परदेशी अर्जांची लगबग ऑगस्टपासून सुरू होते. घरातली चर्चा त्याआधी व्हायला हवी आणि तीत विद्यापीठाच्या नावाआधी विषयाचे नाव यायला हवे.